पित्ताचं डोकं, कुत्र्याची शीर आणि सेरोटोनिन

मावशीला महिन्यातून दोन-तीनदा ‘पित्त’ व्हायचं. सकाळी उठतानाच चेहरा उतरलेला, उजव्या भुवईच्या वर ठणका. उजेड नको, कुकरची शिट्टी नको, फोडणीचा वास तर मुळीच नको. पडदे ओढून, कपाळाला जुनी ओढणी करकचून बांधून ती पडून राहायची. आजी सुंठ उगाळून लेप द्यायची, आमसुलाचं पाणी पाजायची. दुपारी कधीतरी भडभडून उलटी व्हायची आणि तासाभरात डोकं उतरायचं. “पित्त पडलं, आता बरं वाटेल,” हा घरचा ठरलेला निकाल.

ती अर्धशिशी होती, म्हणजे मायग्रेन. पोटात पित्त झालं म्हणून डोकं दुखत नव्हतं. डोक्यात जे सुरू झालं होतं, त्याने पोटाचं कामही मंदावलं होतं. मायग्रेनच्या अटॅकमध्ये जठर सुस्तावतं, अन्न पुढे सरकत नाही, मळमळतं. आपल्याकडे कित्येक बायका वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाऊन हे दुखणं काढतात.

घराण्यातला हा वारसा माझ्याकडेही आला. फरक एवढाच की मला वेळेवर ट्रिप्टान गटातली गोळी मिळाली. खोक्यातला तो बारीक अक्षरांचा घडीचा कागद मैत्रिणीने एकदा उलगडला आणि दचकून विचारलं, “सेरोटोनिन रिसेप्टर अ‍ॅगोनिस्ट? डिप्रेशनची गोळी दिलीय का गं तुला?”

तिचा प्रश्न रास्त होता. व्हॉट्सअ‍ॅपवर सेरोटोनिनची ओळख ‘आनंदाचं रसायन’ अशीच झालेली आहे. डोकेदुखीच्या गोळीत त्याचं काय काम?

मुळात आनंदाशी त्याची गाठ फार उशिरा पडली. १९४८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज हे तिघे उच्च रक्तदाबाच्या मागे लागले होते. रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी उरतं त्याला सीरम म्हणतात. त्या पाण्यात रक्तवाहिन्या आवळणारं काहीतरी असायचं आणि ते त्यांच्या प्रयोगांत सारखं लुडबुड करायचं. कटकट नको म्हणून त्यांनी ते वेगळं काढलं. सीरममधलं, रक्तवाहिन्यांना ‘टोन’ म्हणजे ताण देणारं, म्हणून नाव सेरोटोनिन. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना हाच पदार्थ त्याआधीच आतड्यात सापडलेला होता. मेंदूत तो असल्याचं बेटी ट्वारॉग यांनी दाखवलं ते १९५३ साली. आजही हिशेब केला तर शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात निघेल. रक्तातलं सेरोटोनिन प्लेटलेट्स वाहून नेतात, त्याच प्लेटलेट्स ज्यांचे आकडे डेंग्यूच्या मोसमात घरोघरी पाठ असतात.

तर हे एक रसायन आतडं हलवतं, रक्तवाहिनी आवळतं, कुठे तीच रक्तवाहिनी सैल करतं, झोपेत आणि मनःस्थितीत हात घालतं, उलटीही करवतं. एकाच पदार्थाला इतकी कामं कशी जमतात?

शाळेची घंटा आठवा. मधल्या सुट्टीची घंटा एकच होते. ती ऐकून पोरं मैदानाकडे सुटतात, बाई खडू ठेवून वर्गाबाहेर पडतात, फाटकाबाहेरचा वडापाववाला घाणा तळायला टाकतो, आणि शिपाईकाका नळाशी शिस्त लावायला जाऊन उभे राहतात. घंटेत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. कोण ऐकतंय, त्यावर पुढचं ठरतं. सेरोटोनिन ही घंटा आणि पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर हे तिचे कान. माणसात या कानांचे डझनभराहून जास्त प्रकार आहेत, सात घराण्यांत विभागलेले. काही प्रकार पेशीला उठवतात, काही तिला गप्प बसवतात. सेरोटोनिनचं रासायनिक नाव ५-हायड्रॉक्सीट्रिप्टामाइन, थोडक्यात ५-एचटी. म्हणून रिसेप्टरांची नावंही ५-एचटी१, ५-एचटी२ अशी पडली. आपल्या गोष्टीत पहिल्या घराण्यातले तीन भाऊ महत्त्वाचे आहेत: १बी, १डी आणि १एफ. तिघांचाही स्वभाव आवाज खाली आणण्याचा.

मायग्रेन आणि सेरोटोनिन यांच्या संबंधाचा एक धागा मिळाला तो लघवीवरून. १९६१ साली फ्लोरेन्समध्ये फेदेरिगो सिकुतेरी यांनी दाखवलं, की अटॅकच्या वेळी सेरोटोनिन मोडून तयार होणारा पदार्थ लघवीत वाढतो. १९६७ मध्ये सिडनीत जेम्स लान्स आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की त्याच वेळी प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन एकदम खाली येतं. म्हणजे अटॅकच्या सुरुवातीला साठा बाहेर पडतो आणि मग खडखडाट.

या दोन्हींच्या आधीचा, १९६०चा एक प्रयोग मला जास्त आवडतो, कारण त्याची एक नाळ आपल्या मातीत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात रुस्तम जाल वकील सर्पगंधेची मुळी रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहत होते. १९४९ साली त्यांचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि सर्पगंधा जगभर पोहोचली. पुढे तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. रिसर्पिन शरीरातले सेरोटोनिनचे साठे रिकामे करतं. अमेरिकेत किंबॉल, फ्रीडमन आणि व्हालेहो यांनी मायग्रेनच्या रुग्णांना हे रिसर्पिन टोचलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणांना नेहमीची डोकेदुखी सुरू झाली. मग शिरेतून सेरोटोनिन दिलं, आणि दुखणं ओसरलं.

मग सेरोटोनिनच का देऊ नये? कारण घंटा एकदा वाजली की सगळी शाळा ऐकते. शिरेतून सेरोटोनिन दिलेल्यांना धाप लागली, मळमळलं, हातापायांना मुंग्या आल्या, घेरी आली. डोकं थांबवण्यासाठी हा सौदा परवडणारा नव्हता.

तोवर मायग्रेनवर खात्रीचं औषध होतं ते एर्गोटामाइन. त्याचा जन्म बुरशीतला. युरोपात राय नावाच्या धान्यावर अरगट पडतो, दाण्याच्या जागी काळी, शिंगासारखी गाठ धरते. ते पीठ खाऊन मध्ययुगात गावंच्या गावं आजारी पडली, लोकांची बोटं काळी पडून झडली, इतक्या रक्तवाहिन्या आवळल्या जात. आपल्या बाजरीवर पडतो तो अरगट त्याचा चुलतभाऊ: आधी कणसातून मधासारखे चिकट थेंब, मग गाठी. बाजरीच्या अरगटातली द्रव्यं वेगळी, त्याने बोटं झडत नाहीत. मळमळ, उलट्या, चक्कर येते. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन विषबाधेची साथ आलेली आहे. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या गाठी काढून टाकतात, ते यासाठीच.

रायवरच्या अरगटातून एर्गोटामाइन वेगळं काढलं आर्थर श्टोल यांनी, १९१८ साली, बासेलला. मायग्रेनवर ते चालतं हे पुढच्या दशकात कळलं. आणि १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन ग्रॅहम आणि हॅरॉल्ड वुल्फ यांनी रुग्णांच्या कानशिलावरच्या धमनीची उसळी मोजली. एर्गोटामाइन दिल्यावर उसळी कमी झाली आणि त्याबरोबर ठणकाही. त्यावरून सिद्धान्त बसला: मायग्रेन म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्या, त्या आवळा, दुखणं थांबेल. ज्याचं कानशील घणासारखं ठणकलंय त्याला हे पटायला पुरावाही लागत नाही. पुढची चाळीस-पन्नास वर्षं याच समजुतीवर गेली.

आता या गोष्टीतला पेच. सिकुतेरी यांनी १९५९ साली मेथिसर्जाइड नावाचं औषध मायग्रेन टाळण्यासाठी वापरात आणलं. ते सेरोटोनिनचं विरोधक समजलं जायचं, म्हणजे कानात बोळा घालणारं. मग सेरोटोनिन दिलं तरी डोकं थांबतं आणि सेरोटोनिन अडवलं तरी थांबतं, हे कसं? एक तर कुणाचं तरी निरीक्षण चुकलेलं, नाहीतर कान एक प्रकारचे नसणार.

दुसरं खरं निघालं. रॉटरडॅमला प्रमोद सक्सेना यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की मेथिसर्जाइड प्राण्यांमध्ये डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या निवडून आवळतं. म्हणजे काही कानांत ते बोळा घालत होतं आणि काही कानांत स्वतःच घंटा वाजवत होतं. इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हम्फ्री यांची तुकडी याच धाग्यामागे होती. त्यांना हवा तो कान सापडला कुत्र्याच्या पायात. मागच्या पायातली सॅफिनस नावाची शीर सेरोटोनिनने आवळायची, पण तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याही रिसेप्टरच्या हिशेबात ते बसत नव्हतं. तुकडीने वर्षानुवर्षं एकेक रेणू त्या शिरेच्या पट्टीवर टाकून पाहिला: ही पट्टी आवळली पाहिजे, पण बाकी शरीर शांत राहिलं पाहिजे. सेरोटोनिनच्याच सांगाड्यात फेरफार करत तयार झालं सुमाट्रिप्टान. १९९१ साली ते बाजारात आलं. त्याच्या मागोमाग झोल्मिट्रिप्टान, रिझाट्रिप्टान, नाराट्रिप्टान अशी भावंडं आली, एकूण सात. ‘ट्रिप्टान’ हे आडनाव ट्रिप्टामाइनवरून.

मैत्रिणीला तेव्हा सांगितलं ते इतकंच: डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या शरीरातल्या सेरोटोनिनची घंटा जास्त वेळ घुमत ठेवतात, सगळ्यांसाठी. ट्रिप्टान ती घंटा वाजवतच नाही. ते मुख्यतः १बी आणि १डी या कानांशी जाऊन कुजबुजतं; कागदावरच्या ‘अ‍ॅगोनिस्ट’चा अर्थ तोच. शिवाय सुमाट्रिप्टान मेंदूत फारसं शिरतही नाही, त्यामुळे मूड बदलण्याचा प्रश्न नाही.

पण मेंदूत शिरत नाही, तर दुखणं थांबवतं कुठे?

मेंदू स्वतः दुखत नाही. दुखतात त्याच्यावरची आवरणं आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या. त्यांना वेढून असतात ट्रायजेमिनल नावाच्या नसेचे तंतू. डोळ्यांपासून जबड्यापर्यंत सगळ्या चेहऱ्याची संवेदना हीच नस नेते. दाढ ठणकते तेव्हा मेंदूला कळवणारीही हीच. मायग्रेनमध्ये ही नस आवरणांत सीजीआरपी नावाचं एक छोटं प्रथिन सांडते. ते रक्तवाहिन्या फुगवतं आणि दुखण्याचा निरोप तापवत ठेवतं. १९९० साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी ऐन अटॅकमध्ये असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेतून रक्त घेतलं, तर त्यात सीजीआरपी वाढलेलं. १९९३ मध्ये त्यांनीच दाखवलं, की सुमाट्रिप्टान दिल्यावर दुखणं उतरतं आणि सीजीआरपीही मूळ पातळीवर येतं. (मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन यांच्यासह या दोघांना या कामासाठी २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं.)

इथे गोळीचं दुसरं रूप दिसतं. १बी हे कान रक्तवाहिनीच्या भिंतीत जास्त आहेत. त्यांवर ट्रिप्टान बसलं की वाहिनी आवळते. १डी हे कान नसेच्या टोकांवर आहेत. त्यांवर बसलं की सीजीआरपीची तोटी बंद होते. तिसरी जागा मेंदूच्या बुडाशी, जिथे ही नस आपला निरोप पुढच्या तंतूच्या हवाली करते. तिथेही हे कान आहेत आणि ते निरोप अडवू शकतात. सुमाट्रिप्टान तिथवर किती पोहोचतं यावर वाद आहे, पण मेंदूत जास्त सहज शिरणारी त्याची भावंडं नक्कीच पोहोचत असणार.

या तिघांपैकी खरं काम कुणाचं? वुल्फ यांच्या समजुतीला मोठा धक्का कोपनहेगनहून बसला. २०१३ साली तिथल्या संशोधकांनी ऐन अटॅकमध्ये असलेल्या १९ स्त्रियांचं एमआरआय काढलं. कवटीबाहेरच्या, म्हणजे ज्यांना इतकी वर्षं दोषी धरलं त्या धमन्या दुखऱ्या बाजूला फुगलेल्याच नव्हत्या. आतल्या थोड्याशाच. सुमाट्रिप्टानने बाहेरच्या धमन्या आवळल्या खऱ्या, पण जे फुगलंच नव्हतं ते आवळून दुखणं कसं थांबेल? ठणका जाणवतो तो धमनीच्या उसळीमुळे कमी आणि चाळवलेल्या नसेमुळे जास्त, असाच अर्थ यातून निघतो.

मग नसच खरी, म्हणावं, तर तिथेही गाडी सरळ जात नाही. फक्त १डीवर बसणारं एक औषध रुग्णांवर करून पाहिलं गेलं आणि ते आपटलं. पण १एफवर बसणारं लास्मिडिटान चाललं. १एफ हे कान नसेवर आहेत आणि त्यांना चाळवलं तर रक्तवाहिनी आवळत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. माझ्या मते या साऱ्या वादातला हा सगळ्यात वजनदार पुरावा: रक्तवाहिनीला हात न लावता मायग्रेन थांबवता येतं. कुत्र्याची शीर आवळते का, या कसोटीवर लास्मिडिटान पहिल्याच दिवशी नापास होऊन कचऱ्यात गेलं असतं. हम्फ्री यांनी उत्तम औषध शोधलं, पण जी खूण धरून शोधलं ती बहुधा बाजूची निघाली. लास्मिडिटानची गोम वेगळीच आहे: ते मेंदूत चांगलं शिरतं, चक्कर आणि गुंगी आणतं, आणि गोळी घेतल्यावर आठ तास गाडी चालवायची नाही अशी ताकीद सोबत येते.

हे सगळं कळल्यावर गोळी घेण्याच्या माझ्या काही सवयी बदलल्या. सगळ्यात मोठी म्हणजे वाट पाहणं सोडलं. पूर्वी मी ‘बघू, चहाने जातंय का’ करत दोन तास काढायचे. अटॅक लांबला की मेंदूच्या बुडाशी असलेले पुढचे तंतूही तापतात, आणि मग ते वरून निरोप यायची वाट न बघता स्वतःच बोंब मारतात. याची खूण अगदी घरगुती आहे: केस विंचरताना टाळू दुखते, कानातलं टोचतं, चष्म्याची दांडी सहन होत नाही. बॉस्टनच्या रामी बर्स्टाइन यांनी दाखवलं, की ही अवस्था येण्याआधी ट्रिप्टान घेतलं तर दुखणं पूर्ण जाण्याची शक्यता खूप जास्त. नंतर घेतलं तर ठणका कमी होतो, पण पाठ सोडत नाही. नसेची तोटी बंद केली तरी पुढच्या टाकीत पाणी साठलेलंच असतं.

दुसरं पोटाचं. जठर सुस्तावलेलं असतं म्हणून गोळी तिथेच लोळत पडते. त्यात सुमाट्रिप्टानची गोळी पोटातून घेतली तर जेमतेम १५ टक्के औषध रक्तात पोहोचतं. इंजेक्शनने जवळजवळ सगळं. आकडेही तेच बोलतात. १०० मिलिग्रॅमच्या गोळीने दोन तासांत दुखणं पूर्ण थांबणारे शंभरात सुमारे ३२, औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीने ११. सहा मिलिग्रॅमच्या इंजेक्शनने सुमारे ५९. म्हणूनच डॉक्टर कधीकधी सोबत उलटीची गोळी देतात किंवा नाकातला फवारा सुचवतात. औषध साधारण दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे सकाळी गेलेलं डोकं संध्याकाळी परत आलं तर त्यात नवल नाही.

आणि १बी फक्त डोक्यात नसतात. हृदयाच्या धमन्यांतही ते थोडे आहेत. गोळीनंतर छातीत, गळ्यात आवळल्यासारखं वाटतं. बहुतेकांत त्याचा हृदयाशी संबंध नसतो, पण ज्यांना हृदयविकार, पक्षाघात झालेला आहे किंवा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांना ट्रिप्टान देत नाहीत. त्यामुळे शेजारणीची गोळी उसनी घेणं नको. महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस ट्रिप्टान असं तीन-चार महिने चाललं, तर गोळीच डोकेदुखी जोपासू लागते. मेडिकलमधून आणलेल्या साध्या वेदनाशामकांसाठी ती रेघ पंधरा दिवसांची. डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर ट्रिप्टान घेतल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होईल, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये दिला होता. त्या अतिरेकामागे मुख्यतः दुसऱ्या घराण्यातला २ए हा कान असतो, जिथे ट्रिप्टानचं येणंजाणं नाही. प्रत्यक्षात असे प्रकार फारच विरळ आढळले आहेत. तरी कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांना आधी सांगायचंच.

मावशी आता चौऱ्याहत्तरची आहे. पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांचं होतं तसं तिचं पित्तही विरत गेलं. पाच वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसले, म्हणजे आता अर्धशिशीचा अटॅक आला तरी ही गोळी तिच्यासाठी नाहीच. गेल्या दिवाळीत हे सगळं तिला सांगत होते, रक्तवाहिन्या आवळल्या म्हणून नव्हे, नस शांत झाली म्हणून डोकं थांबतं वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“मग ती ओढणी बांधली की जरा बरं का वाटायचं गं?”

वुल्फ म्हणाले असते, कानशिलाची धमनी दाबली जायची. कोपनहेगनचे लोक म्हणाले असते, ती फुगलेलीच नव्हती. मी हे दोन्ही मावशीला सांगितलं. ती म्हणाली, दोघांनाही ओढणी बांधून बघायला सांग.